चिवड्याचं पाऊच कायद्यात बसवताना

नऱ्ह्याच्या आमच्या फराळाच्या कारखान्यात अन्नाला लागणाऱ्या प्लॅस्टिकच्या चौदा वस्तू निघाल्या. मोजायला बसण्यापूर्वी अंदाज चार-पाचचा होता. चिवड्याचं पाऊच, लोणच्याची बरणी आणि तिचं झाकण डोळ्यांसमोर होतंच. पण शेवेच्या पत्र्याच्या डब्यात आतून घातलेली पिशवी, तळलेले पोहे गार करायला पसरतो तो प्लॅस्टिकचा कागद, मसाल्याच्या पोत्याचं अस्तर, तेल ओढायची नळी, पिठाचं घमेलं, हातमोजे, बरणीच्या झाकणाच्या आतली चकती हे सगळंही अन्नाला लागतं. पॅकिंग कायद्यात बसवायचं काम या यादीपासूनच सुरू करावं. वहीत पाच रकाने आखा: वस्तू, ती कोणत्या प्लॅस्टिकची, तिला कोणतं अन्न लागतं, किती गरम असताना लागतं आणि किती दिवस लागून राहतं. पहिले दोन रकाने सगळेच भरतात. पुढचे तीन रिकामे राहिले तर पुरवठादाराकडून आलेला कुठलाही कागद आपल्या मालाला लागू आहे की नाही, हे ठरवताच येत नाही.

पुण्यात हा विषय एका कार्यालयात संपत नाही. पॅकिंगमधून अन्नात काय उतरतं हे अन्न व औषध प्रशासन बघतं. वापरून झालेल्या पॅकिंगची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा. त्यांचं प्रादेशिक कार्यालय वाकडेवाडीला जोग सेंटरमध्ये आहे. दुकानातली बंदी घातलेली पिशवी महापालिकेचे आरोग्य निरीक्षक पकडतात. वजन, किंमत, तारीख छापण्याचे नियम वैधमापनवाल्यांचे. एकाकडे पास झालेली वस्तू दुसऱ्याकडे नापास होऊ शकते आणि आमच्या एका डब्याचं तसंच झालं. ते पुढे येईल.

अन्नसुरक्षेचा मुख्य कायदा म्हणजे एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, २०१८ चे पॅकेजिंग विनियम. १ जुलै २०१९ पासून ते सगळ्या अन्न व्यावसायिकांनी पाळायचे आहेत. त्यातले दोन आकडे पाठच हवेत. प्लॅस्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या सगळ्या पदार्थांची मिळून मर्यादा आहे किलोमागे ६० मिलिग्रॅम, किंवा पृष्ठभागाच्या दर चौरस डेसिमीटरला १० मिलिग्रॅम. याला ओव्हरऑल मायग्रेशन म्हणतात. शिवाय अन्नात डोळ्यांना दिसेल असा रंग उतरता कामा नये. काही धातूंना स्वतंत्र मर्यादा आहेत: बेरियम १, कोबाल्ट ०.०५, तांबं ५, लोखंड ४८, लिथियम ०.६, मँगनीज ०.६, जस्त २५, सगळं मिलिग्रॅम प्रति किलो. प्लॅस्टिक मऊ ठेवणाऱ्या डीईएचपी या थॅलेटला १.५ ची मर्यादा आहे. प्रत्येक प्लॅस्टिकसाठी भारतीय मानक वेगळं: पॉलिइथिलीनला आयएस १०१४६, पॉलिप्रॉपिलीनला १०९१०, पॉलिस्टायरीनला १०१४२, पीईटीला १२२५२. प्लॅस्टिकमध्ये मिसळायच्या रंगांना ९८३३, छपाईच्या शाईला १५४९५. आणि मायग्रेशन तपासायची पद्धत ९८४५.

रविवार पेठेत बोहरी आळीत पिशव्या घ्यायला गेलं की ‘फूड ग्रेडच आहे’ हे उत्तर लगेच मिळतं. बरणीच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो, तो पुरावा म्हणून दाखवतात. त्या त्रिकोणाचा अन्नसुरक्षेशी काही संबंध नाही. १ म्हणजे पीईटी, ४ म्हणजे एलडीपीई (पॉलिइथिलीनचा मऊ प्रकार), ५ म्हणजे पीपी (पॉलिप्रॉपिलीन), ७ म्हणजे इतर किंवा मिश्र. भंगारात वर्गवारी करणाऱ्याला कळावं म्हणून ती खूण आहे. त्याच ५ आकड्याची बादली रंगाचीही असते आणि श्रीखंडाचीही.

पुरवठादाराकडून पहिल्या फेरीत जे कागद आले त्यातले बहुतेक दाण्याचे, म्हणजे फिल्म ज्यापासून ओढतात त्या कच्च्या प्लॅस्टिकचे होते. म्हणजे पेट्रोकेमिकल कंपनीने आपल्या एलडीपीई दाण्याला आयएस १०१४६ लागू असल्याचं दिलेलं पत्र. ते खरं असतं, पण ते दाण्यापुरतं. दाण्याची फिल्म ओढताना त्यात घसरणीसाठी स्लिप, पांढरेपणासाठी मास्टरबॅच (रंगाचा दाणा) आणि कधी कधी कारखान्यातलीच कातरण दळून मिसळली जाते. मग त्यावर दुसरी फिल्म चिकटते, शाई येते, गोंद येतो. चिवड्याला लागतं ते हे तयार पाऊच. म्हणून कागदांची साखळी मागायची: दाण्याचं पत्र, शाईवाल्याचं आयएस १५४९५ चं पत्र, गोंदवाल्याचं पत्र आणि शेवटी तयार लॅमिनेटचा, म्हणजे एकमेकांवर चिकटवलेल्या फिल्मचा, एनएबीएलमान्य प्रयोगशाळेचा अहवाल (एनएबीएल म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ). या अहवालावर लॅमिनेटची रचना मायक्रॉनसकट लिहिलेली पाहिजे. ‘पारदर्शक प्लॅस्टिक फिल्म’ एवढंच लिहिलेला अहवाल कोणत्याही मालाला जोडता येतो, म्हणून तो कोणत्याच मालाचा नाही.

दळलेल्या कातरणीविषयी स्पष्ट विचारावं लागतं. बाजारातल्या भाषेत नवा दाणा तो व्हर्जिन आणि दळून पुन्हा केलेला तो रिप्रो. बाहेरचं भंगार धुऊन केलेला रिप्रो दाणा अन्नाला लागणाऱ्या थरात चालत नाही. पुनर्वापरित पीईटीला २०२५ मध्ये एफएसएसएआयने मार्गदर्शक तत्त्वं दिली, पण ती मान्यता घेतलेल्या प्रक्रियेपुरती आहेत. खरेदीच्या ऑर्डरवरच आम्ही एक ओळ टाकली: ‘अन्नाला लागणारा थर १०० टक्के व्हर्जिन, रचना बदलल्यास आधी लेखी कळवणे.’ ही ओळ लिहिल्यावर एका पुरवठादाराने दर वाढवला. तेव्हाच लक्षात आलं की आधीचा दर कशामुळे कमी होता.

आता पाऊचची रचना. भाजक्या पोह्यांच्या चिवड्याला दोन शत्रू: दमटपणा आणि हवा. दमटपणाने तो सादळतो, हवेने तेल खवट होतं. बीओपीपी फिल्म (दोन्ही दिशांनी ताणलेली पॉलिप्रॉपिलीन) दमटपणा चांगला अडवते पण प्राणवायू जाऊ देते. पीईटी प्राणवायू बीओपीपीपेक्षा कितीतरी चांगला अडवते. आम्ही बाहेरून १२ मायक्रॉन पीईटी आणि आतून ६० मायक्रॉन एलडीपीई ठरवली. शाई पीईटीच्या आतल्या बाजूला उलटी छापायची, म्हणजे ती दोन थरांच्या मधे बंद होते.

शाई बाहेरच्या बाजूला असली तर काय बिघडतं, ती अन्नाला कुठे लागते, असं अनेकांना वाटतं. बिघडतं ते गुंडाळीत. रोलमध्ये प्रत्येक वेढ्याची छापील बाहेरची बाजू पुढच्या वेढ्याच्या आतल्या बाजूवर दाबून बसलेली असते. गोदामात महिनाभर असा रोल पडला, त्यात एप्रिल-मेचा उकाडा, की शाईतले घटक समोरच्या स्वच्छ बाजूवर उतरतात आणि तिथे चिवडा भरला जातो. याला सेट-ऑफ म्हणतात. डोळ्यांना काही दिसत नाही. स्वस्त एकेरी छापील पिशव्यांचे गठ्ठे एकावर एक रचतात तिथेही हेच होतं.

दुसरी अडचण वासाची. शाई आणि गोंद पातळ करायला द्रावक वापरतात. ते लॅमिनेशनच्या वेळी पूर्ण उडाले नाहीत तर थरांच्या मधे अडकतात आणि हळूहळू आत झिरपतात. आयएस १५४९५ च्या २०२० च्या आवृत्तीने अन्नाच्या पॅकिंगच्या शाईतून टोल्युइन काढून टाकलं, त्यामुळे शाई टोल्युइनमुक्त असल्याचं पत्र वेगळं मागा. पॉलियुरेथेनचा गोंद पक्का व्हायला वेळ लागतो. लॅमिनेशननंतर रोल उबदार खोलीत एक-दोन दिवस, कधी जास्तही, ठेवावे लागतात. गोंद अर्धवट राहिला तर त्यातून अमाइन गटातले पदार्थ अन्नात जाऊ शकतात, आणि ही काळजी वासापेक्षा मोठी आहे. दिवाळीच्या तोंडावर सगळ्यांनाच रोल उद्या हवे असतात आणि कापला जातो तो नेमका हाच वेळ. आम्ही ऑर्डरवर लॅमिनेशनची तारीख आणि स्लिटिंगची, म्हणजे रोल कापल्याची, तारीख दोन्ही छापून मागतो. दोन्हींत दोन दिवसांपेक्षा कमी अंतर असलं तर रोल परत.

रोल आला की घरच्या घरी करायची चाचणी अशी: वरचे चार-पाच वेढे सोडून अर्धा चौरस मीटर तुकडा कापायचा, स्वच्छ काचेच्या बरणीत कोंबायचा, झाकण घट्ट लावायचं आणि ६० अंशांच्या आसपास अर्धा तास ठेवायचं. मग झाकण उघडून लगेच वास घ्यायचा. रंगाच्या दुकानासारखा गोडसर वास आला तर तो रोल मशीनवर चढवायचा नाही. नाक हा पुरावा नव्हे, द्रावकाचं प्रमाण गॅस क्रोमॅटोग्राफीवरच मोजायचं असतं. पण कोणता रोल प्रयोगशाळेत पाठवायचा हे नाकाने कळतं.

प्रयोगशाळा निवडताना नुसतं एनएबीएलचं चिन्ह बघून चालत नाही. मान्यता चाचणीगणिक असते. प्रयोगशाळेच्या मान्यतेच्या व्याप्तीपत्रात आयएस ९८४५ आणि आपल्या प्लॅस्टिकचं मानक ही दोन्ही नावं आहेत का ते उघडून वाचावं. एनएबीएलच्या व्याप्तीतल्या अहवालावर यूएलआर नावाचा एक स्वतंत्र क्रमांक असतो. तो नसेल तर त्या कागदाचा उपयोग नाही.

खरं काम नमुन्याबरोबरचा अर्ज भरण्यात आहे. आयएस ९८४५ मध्ये प्रत्यक्ष चिवडा भरून चाचणी होत नाही. अन्नाच्या जागी त्याच्यासारखा वागणारा द्रव घेतात. पाणीदार अन्नासाठी ऊर्ध्वपातित पाणी, आंबट अन्नासाठी ३ टक्के ॲसेटिक ॲसिड, अल्कोहोल असलेल्यांसाठी इथेनॉलचं पाणी, तेलकटासाठी एन-हेप्टेन. तापमान आणि वेळही वापराप्रमाणे ठरते. नेहमीच्या तापमानाला भरून साठवायच्या मालाला ४० अंश आणि १० दिवस; गरम भरायच्या मालाला ७० अंश २ तास किंवा १०० अंश २ तास. हेप्टेनची वेळ आणि तापमान मानकाच्या कोष्टकात वेगळं दिलेलं आहे.

अर्जात ‘अन्नाचा प्रकार’ हा रकाना मोकळा सोडला की बहुतेक वेळा चाचणी साध्या पाण्यात होते. पॉलिइथिलीनमधून पाण्यात फार काही उतरतच नाही, त्यामुळे ती हमखास पास होते. तेलासारख्या द्रवात मात्र एलडीपीईमधले मेणासारखे हलके घटक विरघळतात आणि आकडा वर चढतो. पुरवठादाराने आधी दिलेला अहवाल खरा होता, एनएबीएलचा होता, ताजा होता, आणि पाण्यातला होता. तेलात परतलेल्या चिवड्यासाठी तो निरुपयोगी. आम्ही अर्जात लिहिलं: चिवडा, तेलकट, कोरडा, ३५ अंशांपर्यंत साठवण, चार महिने; चाचणी एन-हेप्टेनमध्ये. कैरीच्या लोणच्यासाठी दोन चाचण्या मागितल्या, कारण ते आंबटही आहे आणि तेलातही बुडालेलं आहे: एक ॲसेटिक ॲसिडमध्ये, दुसरी हेप्टेनमध्ये.

नमुना काढतानाही चूक होते. रोलचे वरचे वेढे धुळीचे आणि हात लागलेले असतात, ते काढून टाकायचे. हातमोजे घालून कापायचं. छापील फिल्म आणि बिनछापील फिल्म वेगळी द्यायची नाही, जी वापरणार तीच छापील द्यायची. रोलचा लॉट क्रमांक नमुन्याच्या पाकिटावर लिहायचा आणि तोच अहवालात छापायला सांगायचा. १० दिवसांची चाचणी, त्याआधीची रांग आणि नंतरचं वजन-कागद धरून अहवाल हातात यायला आम्हाला तीन आठवडे लागले. दिवाळीचा माल नवरात्रात भरायचा असेल तर नमुना गणपतीच्या आधीच जायला हवा.

अहवाल आल्यावर ‘पास’ हा शब्द वाचून फाइल बंद करू नये. आकडा वाचावा. का, ते हिशोबाने बघा. किलोमागे ६० आणि चौरस डेसिमीटरमागे १० या दोन मर्यादा जुळतात त्या एका गृहीतावर, की एक किलो अन्नाला ६ चौरस डेसिमीटर पॅकिंग लागतं. आमचं २०० ग्रॅमचं पाऊच १६ बाय २३ सेंटिमीटरचं आहे. एक बाजू ३.६८ चौरस डेसिमीटर, दोन्ही मिळून ७.३६. म्हणजे एक किलो चिवड्याला पाच पाऊच, ३६.८ चौरस डेसिमीटर प्लॅस्टिक. गृहीतापेक्षा सहापट. आता अहवालात चौरस डेसिमीटरला २ मिलिग्रॅम आलं तर ते १० च्या कितीतरी आत आहे, पण किलोवर नेलं तर ७३ मिलिग्रॅमच्या पुढे जातं. पाऊच जितकं लहान तितकं हे गणित वाईट. पाच रुपयांच्या पुडीत तर फारच. कायद्यातलं ‘किंवा’ पकडून बसता येईल, पण हा खाऊ लहान मुलं खातात, म्हणून आम्ही किलोवर नेलेला आकडा ६० च्या आत आला पाहिजे असं पुरवठादाराला लेखी कळवलं. पहिल्या फिल्मचा आला नाही. दाण्याचा ग्रेड बदलून आणि स्लिप कमी करून आलेल्या दुसऱ्या फिल्मचा आला.

दर रोलला प्रयोगशाळा परवडणारी नाही. ज्या रचनेचा अहवाल आहे तीच रचना येते का, हे मात्र दर रोलला बघता येतं, तेही सोनाराच्या छोट्या काट्यावर. १० बाय १० सेंटिमीटरचा अचूक चौकोन कापा, ग्रॅममध्ये वजन करा, १०० ने गुणा, झालं जीएसएम, म्हणजे दर चौरस मीटरचे ग्रॅम. पीईटीची घनता १.४, म्हणून १२ मायक्रॉनचे १६.८, एलडीपीईची ०.९२, म्हणून ६० मायक्रॉनचे ५५.२, शाई-गोंदाचे चार-पाच. बेरीज ७७ च्या आसपास, म्हणजे तुकडा ०.७७ ग्रॅम भरला पाहिजे. रोलच्या डाव्या, मधल्या आणि उजव्या बाजूचे तीन तुकडे घ्या. एका खेपेत मधला तुकडा बरोबर आणि कडेचा ०.६९ भरला, कडेला एलडीपीई पातळ ओढली गेली होती. नेमक्या त्याच बाजूची सीलं सुटत होती. तोवर सगळे मशीनच्या जॉला, म्हणजे सील दाबणाऱ्या गरम जबड्याला, दोष देत होते.

पॅकिंग पास झालं तरी भरण्याची पद्धत त्याला नापास करू शकते. ४० अंशांची चाचणी म्हणजे माल गार करून भरणार, हे आपण दिलेलं वचन. कढईतून काढलेला चिवडा तासाभरात भरायला घेतला तर ढिगाच्या पोटात तो ६०-७० अंशांना असतो. मग तो अहवाल त्या मालाचा राहत नाही, शिवाय आत वाफ धरून चिवडा सादळतो तो वेगळाच. ढिगाच्या मध्यभागी थर्मामीटर खुपसून ३५ च्या खाली आल्याशिवाय भरणं सुरू करायचं नाही, असा नियम आम्ही भिंतीवर लावला. आणि तो चिवडा पसरायचा प्लॅस्टिकचा कागद काढून टाकला. त्याच्यावर माल सर्वांत गरम असताना पडत होता, आणि त्याचा कोणताही कागदोपत्री पत्ता नव्हता. आता स्टीलच्या पराती आहेत.

सीलचं थोडक्यात. एलडीपीई ११० अंशांच्या आसपास वितळते, पण उष्णता पीईटीमधून आत जायची असल्याने जॉवर १४० च्या जवळ ठेवावं लागतं. सील सुटण्याचं नेहमीचं कारण तापमान नसतं. हळद, तेल किंवा पिठीसाखर सीलच्या पट्ट्यात अडकते. भरायची नळी पट्ट्याच्या खाली जाईल इतकी लांब करा. तासाला पाच पाऊच बादलीत पाण्याखाली धरून दाबा. बुडबुडा आला तर गेल्या तासाचा माल बाजूला.

आता तो डबा. दुकानात मिसळीचा रस्सा आणि साबुदाणा वडे बांधून द्यायचो. रश्श्याला आधी पारदर्शक डबा होता, तो पीईटीचा निघाला. पीईटीचा तसला डबा ७०-८० अंशांना मऊ पडतो. ९० अंशांचा रस्सा ओतला की त्याची कड वाकते आणि झाकण बसत नाही. ओळखायला सोपं: तुकडा पाण्यात टाका, पीईटी बुडतं, पीपी आणि पॉलिइथिलीन तरंगतात. पीपीचा डबा आणला, तो १०० अंश २ तासांच्या चाचणीत ॲसिडमध्येही हेप्टेनमध्येही पास झाला. अन्नसुरक्षेच्या दृष्टीने काम फत्ते.

आणि तरीही तो काउंटरवरून काढावा लागला. महाराष्ट्र सरकारच्या २३ मार्च २०१८ च्या प्लॅस्टिक व थर्माकोल अधिसूचनेत हॉटेलात अन्न बांधून द्यायचे एकदाच वापरायचे प्लॅस्टिकचे डबे आणि वाट्या बंदीच्या यादीत आहेत. तिथे मायग्रेशनचा प्रश्नच नाही. प्रश्न कचऱ्याचा आहे. पिशवीचंही तसंच. केंद्राच्या नियमांत ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅगला मनाई आहे, म्हणून काही दुकानदार जाड पिशवी ठेवून निर्धास्त असतात. राज्याची अधिसूचना धरायचे बंद (हँडल) असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही पिशव्यांना मनाई करते. कारखान्यात भरून सील केलेलं पाऊच उत्पादनाचा भाग म्हणून चालतं, पण तोच चिवडा काउंटरवर सुटा तोलून प्लॅस्टिकच्या पिशवीत दिला तर चालत नाही. दंड पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,०००, तिसऱ्या वेळी २५,००० आणि तीन महिन्यांची कैद.

रश्श्याला आता स्टीलचा डबा, अनामत घेऊन. निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक स्वतःचा डबा आणतं. वडे कोऱ्या कागदाच्या पुड्यात. वर्तमानपत्राचा कागद तर २०१८ च्या विनियमांनीच सरळ बंद केला आहे, कारण त्याची शाई अन्नासाठी नसतेच आणि गरम तेल ती ओढून घेतं. प्लॅस्टिकचं अस्तर लावलेल्या कागदी वाट्याही राज्याच्या बंदीत येतात, हे घेणाऱ्याला सहसा सांगितलं जात नाही. वाटीच्या आतला थर नखाने खरवडून बघा; पातळ सोललं जातं ते प्लॅस्टिक.

लाडवाच्या खोक्याभोवतीचं पारदर्शक वेष्टन १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे. केंद्राच्या यादीत मिठाईचं खोकं, निमंत्रणपत्रिका आणि सिगारेटचं पाकीट यांच्याभोवतीच्या फिल्मचा स्पष्ट उल्लेख आहे. खोकं उघडलेलं नाही हे दाखवायला दोन कडांवर कागदी सीलपट्टी पुरते.

प्रदूषण मंडळाच्या बाजूचा शब्द म्हणजे ईपीआर, म्हणजे आपण बाजारात सोडलेलं प्लॅस्टिक गोळा करून मार्गी लावायची जबाबदारी. १६ फेब्रुवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत वर्ग पाडले आहेत: घट्ट आकाराचं प्लॅस्टिक पहिला, निव्वळ प्लॅस्टिकचं लवचीक पॅकिंग दुसरा, प्लॅस्टिकबरोबर दुसऱ्या पदार्थाचा थर असलेलं तिसरा. आमची बरणी पहिल्या वर्गात, चिवड्याचं पीईटी-एलडीपीई पाऊच दुसऱ्यात, गोडा मसाल्याचं ॲल्युमिनियम फॉइलचं पाऊच तिसऱ्यात. ब्रँडचा मालक सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर त्याला नोंदणीतून वगळलं आहे. त्याच्या वाट्याचं प्लॅस्टिक पॅकिंग बनवणाऱ्या उत्पादकाच्या हिशोबात राहतं. त्यासाठी तो उत्पादक आपल्या उद्यम (लघुउद्योग नोंदणीच्या) प्रमाणपत्राची प्रत मागतो आणि ती द्यायलाच हवी. मध्यम उद्योग झालात की नोंदणी लागते: एक किंवा दोन राज्यांत माल असेल तर राज्य मंडळाकडे, दोनपेक्षा जास्त राज्यांत असेल तर केंद्रीय मंडळाकडे, दोन्ही एकाच केंद्रीय पोर्टलवरून.

नोंदणी नसली तरी वजनाची वही ठेवा. आमच्या पाऊचचं क्षेत्रफळ ०.०७३६ चौरस मीटर, गुणिले ७७ जीएसएम, म्हणजे ५.७ ग्रॅम. दहा हजार पाऊच म्हणजे ५७ किलो प्लॅस्टिक. हा आकडा रोलच्या खरेदी बिलाशी जुळत नसेल तर फरक कातरणीत गेलेला असतो. आमची कातरण सुरुवातीला आठ टक्के होती, कारण पाऊचची रुंदी रोलच्या रुंदीत नीट भागत नव्हती.

छपाईबद्दल एक कामाची गोष्ट. ग्रॅव्ह्युअर छपाईत प्रत्येक रंगाला वेगळं सिलिंडर लागतं आणि मजकूर बदलला की ते पुन्हा कोरावं लागतं. कायद्याचा सगळा मजकूर, म्हणजे घटक, परवाना क्रमांक, उत्पादकाचं नाव आणि ईपीआर नोंदणी क्रमांक, एकाच काळ्या रंगाच्या सिलिंडरवर ठेवा. नियम बदलला की एकच सिलिंडर बदलतं. आमच्या जुन्या डिझाइनमध्ये हा मजकूर पांढऱ्या अक्षरांत लाल पट्टीवर होता, त्यामुळे तीन सिलिंडरं गेली. १ जुलै २०२५ पासून ही माहिती क्यूआर कोड किंवा बारकोडने देण्याचीही सोय आहे. कोड पाऊचच्या घडीवर किंवा सीलच्या पट्ट्यात येणार नाही अशी जागा आधीच सोडा. चुरगळलेला कोड स्कॅन होत नाही.

जुन्या रचनेचे रोल उरतात. ते विकायचा मोह होतो, पण त्यावर आपलं नाव आणि परवाना क्रमांक असतो आणि ते कोणाच्या तरी सुट्या मालाभोवती फिरताना दिसू शकतात. आम्ही ते आडवे कापून, नाव तुटेल अशा पट्ट्या करून, नोंदणीकृत प्रक्रिया करणाऱ्याकडे वजनपावती घेऊन दिले.

चौदापैकी पसरायचं प्लॅस्टिक काढून टाकलं, बारा वस्तूंचा कागद आता फाइलमध्ये आहे. उरली आहे झाकणाच्या आतली चकती. लोणच्याची बरणी आडवी पडली की तेल सरळ तिला भिडतं आणि मऊ पीव्हीसीची चकती असेल तर त्यातलं मऊ करणारं द्रव्य तेल ओढून घेतं. डीईएचपीची १.५ ची मर्यादा इथेच कामाला येते. बरणीवाला म्हणतो चकती पॉलिइथिलीनच्या फोमची आहे. आम्ही वीस चकत्या झाकणातून सोडवून, लॉट क्रमांकासकट, हेप्टेनसाठी आणि डीईएचपीसाठी पाठवल्या आहेत. अहवाल येईपर्यंत लोणचं काचेच्या बरणीतही भरत नाही, कारण तिच्या पत्र्याच्या झाकणाच्या आतला थर पीव्हीसीचाच आहे. कैरी मिठात घालून चिनी मातीच्या बरण्यांत ठेवली आहे.